मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स : इंदूरहून घेतली, तीर्थनला वापरली

बारीक गोष्टी जवळून मोठ्या दाखवणारी ही लेन्स जेल रोडवरून साडेचारशेला घेतली, दुकानदार सातशे म्हणत होता. हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो तेव्हा सोबत नेली, कारण मला तिथल्या दगडांखालचे मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याचे पिल्लू बघायचे होते, ते पाण्यातच वाढते. पाणी इतकं गार की हात सुन्न होतो, पण या किड्यांना तसंच लागतं, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो ना. दगड उलटा केला की चपटं, दगडाला चिकटलेलं काहीतरी सरकताना दिसतं. पांढऱ्या बशीत थोडं पाणी घेऊन त्यात सोडलं आणि लेन्स लावली तर काय दिसलं! पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, सात जोड्या, आणि शेपट्या दोनच, म्हणजे बहुतेक एपिओरस प्रकारची मेफ्लाय, बाकी बऱ्याच मेफ्लायना तीन असतात. फोटो झाल्यावर लगेच परत पाण्यात सोडलं, बशीतलं पाणी पटकन कोमट होतं.

मधला भाग एकदम शार्प, कडा मात्र पार धुरकट, आणि फोकससाठी इतकं जवळ जावं लागतं की आपलीच सावली पडते. उडणाऱ्या मेफ्लायसाठी तर बेकार, त्या जवळ येऊच देत नाहीत, तसंही मोठ्या झाल्यावर त्या काही खात नाहीत, बहुतेक तर दोन-तीन दिवसच जगतात आणि पंख फुटल्यावरसुद्धा एकदा कात टाकतात, असं दुसरा कुठलाच किडा करत नाही. तो क्षण टिपायचा असेल तर खरा कॅमेराच घ्या भिया.

क्लिप ढिली आहे, कव्हर काढूनच लावा.