दुभंगलेल्या ओठाचे आणि टाळूचे उपचार : चार वर्षांचा अनुभव

आमच्या मुलीच्या वरच्या ओठाला आणि तोंडातल्या टाळूला जन्मतःच चीर होती. ‘टाळूला चीर आहे’ हे ऐकल्यावर माझ्या आईने, तेल भरायची तीच टाळू असे समजून, आधी बाळाचे डोके चाचपले होते. गेली चार वर्षे आम्ही एका धर्मादाय रुग्णालयात तिच्यावर उपचार घेत आहोत. शस्त्रक्रियांचा खर्च स्माइल ट्रेन या संस्थेने उचलला. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था बाहेरून डॉक्टरांची पथके न आणता स्थानिक रुग्णालयांना मदत करते, त्यामुळे ज्यांनी टाके घातले तेच डॉक्टर पुढच्या तपासण्यांनाही भेटतात आणि याचा फार आधार वाटतो.

पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेपेक्षा दूध पाजण्याविषयीच अधिक बोलणे झाले, आणि ते योग्यच होते. टाळू उघडी असलेल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही. परिचारिकेने बाळाला उभे धरून वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजायला शिकवले. घरी आईने ट्रंकेतले जुने बोंडले काढले आणि तेच सर्वांत उपयोगी पडले. ग्रहणात विळी हातात घेतली होती का, असे नातेवाईक पत्नीला विचारत होते. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यातच जुळतो, हे डॉक्टरांनी आईला शांतपणे समजावल्यावर घरातला तो विषय संपला.

वय दहा आठवडे, वजन दहा पौंड आणि हिमोग्लोबिन दहा, हा जुना ठोकताळा पाळून ओठाची शस्त्रक्रिया चौथ्या महिन्यात झाली, टाळूची अकराव्या महिन्यात. दोन्ही उत्तम झाल्या. टाक्यांना हात लागू नये म्हणून कोपरांना बांधलेल्या पट्ट्यांनी मात्र मुलीला आणि आम्हाला सारखेच रडवले.

माझी तक्रार त्यानंतरच्या उपचारांविषयी आहे. टाळू शिवली तरी हवा नाकावाटे निसटण्याची सवय राहू शकते, हे आम्हाला कोणी ठळकपणे सांगितले नव्हते. मुलगी मला ‘मामा’ म्हणत असे, आणि तिचा खरा मामा त्यावर खूश होत असे. ओठ मिटून ‘ब’साठी हवा अडवता येत नाही म्हणून त्याचा ‘म’ होतो, हे अडीच वर्षांनी वाचा-उपचारतज्ज्ञांकडून कळले. नाकाखाली आरसा धरून ‘पापड’ म्हणायला लावायचे आणि काचेवर वाफ धरते का ते पाहायचे, ही त्यांची युक्ती साधी आणि नेमकी आहे. परंतु त्या आठवड्यातून एकच दिवस येतात, वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटे येतात आणि त्यासाठी आम्हाला एसटीने अडीच तास जावे लागते. कानात पाणी साठून ऐकू कमी येऊ शकते, ही तपासणीही आम्ही स्वतः विचारल्यावरच झाली.

म्हणून शस्त्रक्रियेसाठी पाच पैकी पाच तारे आणि वाचा-उपचारांसाठी दोन. नव्या पालकांनी टाळूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच वाचा-उपचारांची आणि कानाच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष असल्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकालाही बाळ दाखवावे. आमचे पुढचे मोठे काम हिरडीच्या फटीत कमरेचे हाड भरण्याचे. ते सुळा येण्याआधी, आठव्या-नवव्या वर्षी. तोवर रोज संध्याकाळी आरसा आणि पापड चालू आहे, आणि गेल्या महिन्यापासून मी दहापैकी सहा वेळा ‘बाबा’ असतो.