उद्यमनगरात कापून घेतलेली गेटमनची खोली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथच्या दुकानांच्या ओळीत एक लेझर कटिंगवाले आहेत. रोजचं काम नेमप्लेट, ट्रॉफ्या, दुकानांच्या पाट्या. मी गेलो होतो माझ्या एचओ लेआउटवरच्या, म्हणजे घरच्या छोट्या मॉडेल रेल्वेवरच्या फाटकाशेजारी बसवायच्या गेटमनच्या खोलीचे भाग कापून घ्यायला. मिरज लाइनवर लहानपणी पाहिलेली, कौलारू.

एचओ म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं माप. दहा बाय आठ फुटांची खोली होते 35 बाय 28 मिलिमीटर, काडेपेटीहून लहान. असलं चिल्लर काम कुणी सहसा अंगावर घेत नाही. इथे मालकांनी ड्रॉइंग बघून पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला, "दादा, खाचा किती धरल्यात?" आणि जाडी मोजायला शीटला व्हर्नियर लावला. लेझर कापताना स्वतःच दीड-दोन दशांश मिलिमीटर माल जाळतो, त्यामुळे मापाबरहुकूम कापलेली खाच सैल पडते. त्यांनी टाकाऊ तुकड्यावर 2.0, 1.9, 1.8 अशा खाचा मारल्या आणि प्रत्येकीत दुसरा तुकडा दाबून पाहिला. 1.9 ची अंगठ्याच्या जोरावर बसली आणि उलटी धरली तरी सुटली नाही. "हीच घ्या." या चाचणीचे वेगळे पैसे लावले नाहीत. उद्यमनगरचा कारागीर तो हाच!

2 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) भिंतींना शोभतो. मापात ती सात इंची भिंत होते, खऱ्या नऊ इंचीच्या जवळ जाणारी. त्यामुळे खिडकीला खोलपणा येतो, सावली पडते.

छप्पर मात्र मनासारखं झालं नाही. मंगलोरी कौल या मापात जेमतेम पावणेतीन मिलिमीटर रुंद. एमडीएफवर कोरलेल्या रेघा खोल गेल्या, कडा काळ्या पडल्या. पुढच्या वेळी कौलं जाड कार्डशीटवर, कमी पॉवरला कोरून घेणार. खिडकीचे गज लेझरने होणारच नाहीत. ते मी वायरीतल्या तांब्याच्या तारेचे लावले.

पाट्यांच्या ऑर्डरी असल्या की थांबावं लागतं, आणि बारीक भाग एकाच पिशवीत मिळतात, नंबर न टाकता. तरीही पुढचं केबिन इथेच कापणार. जाणार असाल तर ड्रॉइंगची डीएक्सएफ फाईल न्या, आणि रंगाआधी एमडीएफला दोन्ही बाजूंनी सीलर (ओल रोखणारा थर) मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो फुगतो.