जळगाव जिल्ह्यातली ‘फ्लेक्झिबल क्लासरूम’वाली प्राथमिक शाळा – पालकाचा सविस्तर रिव्ह्यू

आमची मुलगी इथे तिसरीत आहे. ‘फ्लेक्झिबल क्लासरूम’ म्हणजे गरजेप्रमाणे दोन वर्ग जोडून एक करता येतील अशी रचना. चोपड्याकडच्या केळीच्या पट्ट्यातली शाळा आहे, नाव देत नाही कारण काही उणिवा पण लिहायच्यात. आता आपल्या खान्देशात जिकडेतिकडे ‘मॉडर्न कॅम्पस’चे बॅनर लागायला लागलेत, म्हणून ॲडमिशन बघणाऱ्यांना आणि खास करून गावात शाळा बांधायला काढलेल्या मंडळींना कामात येईल म्हणून लिहितोय.

पहिले हेच सांगतो, या शाळेतली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे व्हरांडा. स्मार्ट बोर्ड वगैरे आहे, चांगलाय, पण तो आता सगळीकडेच मिळतो. व्हरांडा चांगला दहा फूट रुंद, चारही वर्गांच्या उत्तर बाजूने सलग गेलेला, त्यामुळे दुपारी पण सावली असते, आणि खाली फरशीवर अर्ध्या-अर्ध्या फुटाचे चौकोन कोरलेत. पालकांना शाळा चालू असताना बसून बघू देतात, तेव्हा मी बघितलं, बाईंनी केळीचं एक अख्खं पान त्या चौकोनांवर आडवं टाकलं, तिसरीची पोरं पानाखाली झाकलेले चौकोन मोजायला बसली (अर्ध्याहून जास्त झाकला तर धरायचा, नाहीतर सोडायचा) आणि चौथीच्यांनी लांबी-रुंदी मोजून गुणाकार केला. चौथीचं उत्तर आलं ५६, तिसरीचं ४५ च्या आसपास, झालं, जुंपली दोन्ही वर्गांची! शेवटी एका पोरीने बोटाने दाखवलं की पान टोकाला निमुळतं होतं, कोपऱ्यातले चौकोन तर रिकामेच आहेत. मग पान कडेला फाटलेलं का यावर गाडी गेली, तेव्हा एक पोरगा म्हणाला, “आमना वावरमा बांधले शेवरी लायेल शे, वारा अडस,” (आमच्या शेतात बांधाला शेवरीची झाडं लावलीत, वारा अडतो, म्हणजे पानं फाटत नाहीत) आणि बाईंनी त्याला अहिराणीत बोलू दिलं, मध्ये थांबवून ‘शुद्ध बोल’ म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंयच की. एका पानावर गणित झालं, परिसर अभ्यास झाला, दुसऱ्या दिवशी त्यावरच मराठीचं लेखन. नुसत्या बंद खोल्या आणि मधे तीन फुटाचा बोळ असता तर दोन वर्ग असे समोरासमोर आलेच नसते.

वर्गखोल्या इंग्रजी ‘एल’ (L) आकाराच्या आहेत, म्हणजे मोठ्या खोलीला एक छोटा कोपरा जोडलेला, तिथे चटई आणि हाताला येतील अशी पुस्तकं. एखाद्याला वाचनात मदत हवी तर बाई त्याला कोपऱ्यात घेऊन बसतात आणि बाकीचा वर्ग डोळ्यासमोरच राहतो. प्रत्येक वर्गाला बाहेर अंगणात उघडणारं स्वतःचं दार पण आहे. आर्किटेक्टने पालकसभेत सांगितलं की ही पद्धत जुनीच आहे, शिकागोजवळ विनेटका इथे क्रो आयलंड नावाची शाळा १९४० मध्ये अशीच बांधली होती. दाराखाली फरशीवर कोनमापक रंगवलाय, दार उघडलं की किती अंशात उघडलं ते कळतं. हे ‘बाला’ (बिल्डिंग ॲज लर्निंग एड, म्हणजे इमारतच शिकायचं साधन) पद्धतीचं काम आपल्या झेडपीच्या शाळांमध्ये पण बऱ्याच ठिकाणी दिसतं, खर्च फारसा नाही, कुणीही करून घ्यावं.

आता जे जमलं नाही ते. तिसरी आणि चौथीच्या मधे भिंत नाही, फोल्डिंग पार्टिशन आहे, ते सरकवलं की एक मोठा हॉल होतो. दिसायला मस्त, पण आवाज अजिबात अडत नाही! पलीकडे पाढे सुरू झाले की अलीकडे गोष्ट ऐकू येत नाही, आणि मागे बसणाऱ्या, हळू बोलणाऱ्या पोरांचं जास्त नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलंय की शिकवणं चालू असताना वर्गात आजूबाजूचा आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा आणि आवाजाचं घुमणं (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) ०.६ सेकंदाच्या आसपास. इथे कडक फरशी, कडक स्लॅब, त्यात आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) हिशोबाने शिक्षकामागे ३० धरली तरी दोन वर्गांची ६० पोरं, मग घुमणारच. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात अशा बिनभिंतीच्या शाळा भरपूर बांधल्या आणि गोंगाटामुळे कित्येक ठिकाणी नंतर पार्टिशनं, भिंती घालाव्या लागल्या. हे माहीत असताना आपण परत तेच का करायचं?

दुसरं म्हणजे ऊन. पश्चिमेच्या टोकाला पहिलीचा वर्ग दिलाय, सगळ्यात लहान लेकरं, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर त्या भिंतीला हात लावून बघा, तापलेली असते. त्या टोकाला स्टोअर रूम आणि जिना टाकला असता तर प्रश्नच नव्हता. गच्चीवर पांढरे चिनीमातीचे तुकडे बसवलेत, त्याचा फरक मात्र नक्की जाणवतो.

फर्निचर ठीक. टेबलं हलकी आहेत, दोन पोरं मिळून उचलतात. टॉयलेट स्वच्छ, रॅम्प आहे, पाण्याचे नळ पोरांच्या उंचीला.

एक गोष्ट विचारल्याशिवाय ॲडमिशन घेऊ नका, कुठल्याही शाळेत, की दोन वर्गांचे शिक्षक एकत्र बसून प्लॅनिंग कधी करतात. इथे शनिवारी त्यासाठी वेळ राखून ठेवलाय, म्हणून ते केळीचं पान जमलं. हा वेळ नसेल तर पार्टिशन वर्षभर बंदच राहणार आणि व्हरांड्यात नुसत्या चपला पडतील.

माझ्याकडून पाचपैकी चार. पाचवीसाठी नवीन खोल्या निघतायत, तिथे पार्टिशनऐवजी पक्की भिंत, तिला मधोमध रुंद दुहेरी दार आणि छताला आवाज शोषणारी शीट लावा, असं आम्ही काही पालकांनी लेखी दिलंय. प्लॅन अजून फायनल व्हायचाय. तिथल्या कुणा पालकाने हे वाचलं तर पुढच्या सभेला या आणि हा मुद्दा लावून धरा.