माथेरानच्या वाटेवर सोल निखळला: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पिसारनाथाच्या देवळावरून लुईझा पॉइंटकडे निघालो आणि डाव्या पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. घोड्याची लीद असेल असं वाटलं. पाहतो तर टाचेपासून सोल सुटून लोंबत होता. थोडं पुढे गेल्यावर उजवाही सुटला. दस्तुरी नाका तिथून पाच-एक किलोमीटर, आणि दस्तुरीच्या आत स्वतःची गाडी आणता येत नाही. नाड्या काढून सोल बांधले आणि पाय ओढत परत आलो.

वाईट जास्त याचं वाटलं, की मे महिन्यात मी चार जणांना हेच जोडे घ्यायला लावले होते. ग्रिपबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. उन्हाळ्यात तिथल्या लाल मातीवर सुटे खडे असतात, भलेभले घसरतात. वर आलेल्या मुळांवरही यांचा पाय पक्का बसायचा. अंगठा कधी दुखला नाही.

दुकानदाराने वॉरंटी सहा महिन्यांचीच म्हणून हात वर केले. गोंदच हलका वापरलाय, असं मी घरी सगळ्यांना सांगत सुटलो. ते चुकीचं होतं. स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांनी सोल उलटा करून बोटाने खरवडला, तर मधला फोम भुग्यासारखा गळला. "गोंद धरून आहे, फोम सडलाय," म्हणाले. हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतला ओलावा त्याला आतून कुजवतो, जोडा डब्यात कोरा पडून असला तरी.

मग जोड्याच्या जिभेच्या (नाड्यांखालच्या भागाच्या) आतली पट्टी वाचली. उत्पादन: २०१९. मी घेतले डिसेंबर २०२३ मध्ये, सेलमधून, २,९०० रुपयांना. म्हणजे चार पावसाळे कुठल्यातरी गोदामात काढलेला माल मला नवा म्हणून विकला! किमतीचं, मापाचं स्टिकर डब्यावर ठसठशीत, आणि तारीख मात्र नखाएवढ्या अक्षरांत जिभेखाली. चाळीस टक्के सूट कशाची होती ते तेव्हा कळलं. आता दुकानात मी आधी जीभ उलटतो, मग पायात घालून बघतो.

काकांनी ४५० रुपयांत सगळा फोम काढून सलग रबरी सोल बसवला आणि कडेने शिलाई मारली. जोडा जड झालाय, टाचेला दणका जाणवतो. पण त्यानंतर चार वेळा वर जाऊन आलो, टाका हललेला नाही.

त्या चौघांना फोन करून पट्टी बघायला सांगितली. दोघांच्या जोड्यांवर २०१९च निघालं.