पार्किन्सन्स आणि लांब पल्ल्याची सायकल: हायब्रिड, टँडम, ट्राइक की ई-सायकल?

पार्किन्सन्सचं निदान झालं की घरातले आधी सायकलची किल्ली काढून घेतात. "आता बास झालं, कुठं पडलाबिडला तर?" माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीतही तेच झालं. दादा आयुष्यभर सायकलवर वावरलेला माणूस. न्यूरोलॉजिस्टनी मात्र सांगितलं, सायकल सोडू नका, फक्त विचार करून चालवा. मग प्रश्न उरला तो कुठली सायकल, कुठला रस्ता आणि किती लांब, एवढाच. कोल्हापूर परिसरात ज्यांच्यापुढे आज हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी दादासोबत टँडम, म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल, चालवते, पुढच्या सीटवर मी असते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. पण टँडम प्रत्येकाला सोयीची नाही, हेही तितकंच खरं.

निवड करताना बहुतेक जण पायातली ताकद बघतात. माझ्या मते बघायचं ते थांबणं. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. दहा वर्षांचा पार्किन्सन्स, चार पावलं टाकताना पाय जमिनीला चिकटायचे, पण सायकलवर बसवल्यावर हाच माणूस वळणं घेत व्यवस्थित सायकल चालवत होता. उतरला की पुन्हा पाय जागच्या जागी. फिरणारी पेडल्स पायांना बाहेरून ताल देतात, तो ताल मेंदूला आतून तयार करावा लागत नाही, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आजारात कमी पडतं ते डोपामीन हे मेंदूतलं रसायन, आणि हालचाल सुरू करणं, थांबवणं, बदलणं या गोष्टी त्यावर फार अवलंबून असतात. म्हणजे रस्ता मोकळा आणि पाय फिरते असताना फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सिग्नलला, गतिरोधकाला, अचानक आडव्या आलेल्या म्हशीपाशी, जिथं क्षणात पाय टेकवावा लागतो. शिवाय या आजारात आणि त्यावरच्या गोळ्यांमुळे उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. तास-दीड तास पेडल मारून माणूस खाली उतरला की डोळ्यापुढे अंधारी येते ती यामुळे. तेव्हा चारही वाहनं मी एकाच प्रश्नावर तोलते: थांबताना आणि उतरताना हे वाहन काय करतं?

हायब्रिड आणि टँडम

आजार नवा असेल, कंप एकाच हाताला असेल आणि तोल शाबूत असेल, तर घरात असलेली हायब्रिडच, म्हणजे सरळ हँडलची नेहमीची सायकल, चालवावी, थोडी बदलून. पायाला जखडणारे क्लिपवाले पेडल काढून साधे, रुंद, खडबडीत पेडल लावा. मधला दांडा खाली असलेली फ्रेम मिळाली तर उत्तम, कारण मागून टांग टाकताना एका पायावर उभं राहावं लागतं आणि नेमकं तेच अवघड जातं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला एका बोटाचा जोर पुरतो. पाण्याच्या बाटलीऐवजी नळीवाली पाठपिशवी घ्या, म्हणजे हँडलवरचा हात सोडावा लागत नाही. आणि उजव्या बाजूला आरसा हवाच. मान कडक झाली की मागे बघायला अख्खं धड वळवावं लागतं, धड वळलं की हँडलही तिकडेच वळतं, आणि आपल्याकडे उजवीकडून ट्रक येत असतो.

एवढं करूनही हायब्रिडची मर्यादा सिग्नललाच उघडी पडते. दादाचं शिवाजी पुलाकडे जाताना हेच व्हायचं. सायकल थांबायची, डावा पाय पेडलवरून सुटायचा नाही, आणि दुचाकीवाले दोन्ही बाजूंनी खेटून उभे. गोळीचा अंमल असताना हे होत नसे. अंमल उतरत आला की होई. लांबच्या पल्ल्यात तो उतरणारा तास कुठेतरी येतोच. त्यामुळे रंकाळ्याभोवती किंवा विद्यापीठाच्या आवारात हायब्रिड खुशाल फिरवावी, पण एकट्यानं त्यावर पन्नास-साठ किलोमीटर जाणं मी तरी सुचवणार नाही.

टँडमवर ही अडचण मुळातच राहत नाही. निघताना पुढचा दोन्ही पाय रोवून सायकल धरतो, मागचा चढतो, पाय पेडलवर ठेवतो आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ते तिथेच असतात. सिग्नलला दादा पाय खाली टेकवतच नाही, मी टेकवते. ब्रेक, गिअर, हँडल सगळं पुढच्याकडे. त्याच्याकडे फक्त पेडल मारणं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

दुसरा फायदा वैद्यकीय आहे. टँडमचे दोन्ही पेडल एकमेकांना साखळीनं जोडलेले असतात, त्यामुळे पुढचा ज्या वेगानं पाय फिरवेल त्याच वेगानं मागच्याचे फिरतात. २००३ साली अमेरिकेतल्या जे अल्बर्ट्स या संशोधकानं पार्किन्सन्स असलेल्या एका बाईंसोबत आयोवा राज्यातून टँडमवर आठवडाभराची सफर केली. त्या काळात बाईंचं हस्ताक्षर सुधारल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून पुढे प्रयोग झाला. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात १० रुग्ण होते आणि तो ८ आठवडे चालला. जोडीदारामुळे स्वतःच्या सवयीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त वेगानं पाय फिरवावे लागलेल्यांच्या हालचालींच्या गुणांकात ३५ टक्के सुधारणा दिसली, आपापल्या गतीनं चालवणाऱ्यांत ती दिसली नाही. दहा माणसांचा अभ्यास लहानच, त्यावर घरदार विकून टँडम घेऊ नये. पण मिनिटाला ८० ते ९० फेरे ही लय मी तेव्हापासून धरून आहे, आणि घाट नसेल तिथे दादा ती झेपवतो.

टँडमच्या अडचणीही सांगते. ती लांब असते, गाडीवर टाकून नेता येत नाही, दुरुस्तीला गल्लीतला मेकॅनिक हात लावायला बिचकतो, आणि बहुधा बाहेरून मागवावी लागते. पुढच्या माणसाला मागच्याचं सगळं वजन थांबल्यावर पेलावं लागतं. दादा अंगानं बारीक आहे म्हणून मला जमतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: पार्किन्सन्समध्ये आवाज खाली जातो. मी पुढे, वारा कानात, तो मागून "थांब" म्हणतोय आणि मला ऐकूच येत नाही. म्हणून आमचं ठरलेलं आहे, पाठीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे हळू. मी मात्र खड्डा आला की ओरडते, कारण मागच्याला समोरचं काही दिसत नाही. सगळ्यात मोठी अट म्हणजे हक्काचा जोडीदार. आठवड्यातून तीनदा पहाटे उठणारा माणूस नसेल तर टँडम जिन्याखाली धूळ खाते.

ट्राइक आणि ई-सायकल

जोडीदार नसेल त्यांच्यासाठी तीनचाकी, मागे रेलून चालवायची रिकम्बंट ट्राइक. थांबली की थांबली, पाय टेकवायचा प्रश्न नाही. चढाला वाटेल तितकं हळू जा, दम घ्या, पडणार नाही. तोल गेलेल्यांना पुन्हा लांब जाता येण्याची हीच खरी वाट आहे. पण दोन गोष्टी तपासा. बऱ्याच ट्राइकची सीट जमिनीपासून वीतभर उंचीवर असते आणि पार्किन्सन्समध्ये खोल खुर्चीतून उठणं हीच तर रोजची लढाई. उंच सीटचं मॉडेल शोधा. दुसरं म्हणजे पाय पेडलला टाचेच्या पट्टीनं बांधलेला हवा. चालत्या ट्राइकवरून पाय निसटून जमिनीला लागला तर गाडीखाली ओढला जातो आणि घोटा मोडतो.

आपल्या भागात तिसरी गोष्ट उसाची. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला इतकं बुटकं वाहन दिसत नाही. काठीवर उंच केशरी झेंडा आणि दिवसाही लुकलुकणारा दिवा लावल्याशिवाय गळीत हंगामात ट्राइक मुख्य रस्त्यावर काढू नये.

ई-सायकलबद्दल लोक म्हणतात, मोटर लावली की व्यायाम कसला? मला हे पटत नाही. शेवटच्या दहा किलोमीटरला गोळी उतरली, पाय जड झाले, तेव्हा मोटरमुळे माणूस घरी पोहोचतो. मात्र आपल्याकडच्या पुष्कळ ई-सायकलींना पेडल-असिस्टबरोबर स्कूटरसारखा थ्रॉटलही असतो. कापऱ्या हातात थ्रॉटल नको. थांबलेली सायकल नकळत पुढे उसळू शकते. फक्त पेडल मारल्यावर साथ देणारी घ्या किंवा थ्रॉटल काढून टाकायला लावा. २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. वजन मात्र जास्त असतं, कलली की सावरणं कठीण. थांबण्याच्या कसोटीवर ई-सायकल हायब्रिडपेक्षा वाईटच ठरते, दमण्याच्या कसोटीवर चांगली. मोटर लावलेली ट्राइक हा दोन्हींचा मेळ आहे, परवडत असेल तर.

घरातल्या स्थिर सायकलबद्दल थोडक्यात. तिच्यावर लांबचा पल्ला होत नाही, पण पुरावा सगळ्यात भक्कम तिच्याच बाजूनं आहे. २०१९ च्या डच अभ्यासात १३० रुग्ण होते. सहा महिने, आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटं घरी स्थिर सायकल चालवणाऱ्यांची लक्षणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत कमी वाढली, आणि तेही गोळीचा अंमल नसताना मोजून. जून ते सप्टेंबर आपल्या पावसात दुसरा पर्यायही नाही.

वाडी की पन्हाळा

कोल्हापूरचा सायकलवाला पहिलं नाव पन्हाळ्याचं घेतो. अंतर जेमतेम २० किलोमीटर, पण जवळपास ४०० मीटरचा चढ, त्यातला बराचसा वाघबीळच्या पुढचा. नरसोबाची वाडी एका बाजूनं साधारण ४५ किलोमीटर आणि रस्ता सपाट. पार्किन्सन्स असलेल्याला अवघड काय? माझं उत्तर पन्हाळ्याचा उतार. चढ हळू चढता येतो. उतरताना बराच वेळ ब्रेक दाबून धरावा लागतो, बोटं आखडतात, आणि समोरून एसटी आली तर निर्णय चटकन घ्यावा लागतो. पन्हाळ्याला जायचंच असेल तर वर सायकलनं जा आणि खाली गाडीनं या. भर पावसाळ्यात केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येतं, तेव्हा हा बेत नकोच.

वाडीचा रस्ता मला सगळ्यात सोयीचा वाटतो. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ असं गेलं तर बऱ्याच अंतरापर्यंत रेल्वे जवळ असते, नाही जमलं तर स्टेशन गाठता येतं. पण जाऊन-येऊन ९० किलोमीटर म्हणजे थांबे धरून सहा-सात तास. आजार काही वर्षांचा झाला की लेव्होडोपाच्या, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाच्या, एका गोळीचा अंमल तीन-चार तासांतच संपू लागतो. म्हणजे रस्त्यात किमान एक गोळी येणारच. थांबे भुकेवर ठरवू नका, गोळीवर ठरवा. गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढा वेळ सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी प्या, घाई करू नका.

आणि दूध. प्रथिनं पोटात असली की लेव्होडोपा शोषली जायला अडथळा येतो. सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास आणि त्यावर गोळी, हे कोल्हापुरी वळण इथे चालत नाही. वाडीच्या बासुंदीचंही तेच. दादा आधी गोळी घेतो, देवाचं दर्शन घेतो, आणि तासाभरानं बासुंदी. हे जमवल्यापासून परतीचा प्रवास सुधारला.

काहींना २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत चेकपॉइंट गाठत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर, खुणावते. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी सुमारे १५ किलोमीटरचा वेग. नियमानुसार मनुष्यबळावर चालणारी टँडम आणि ट्राइक चालतात, मोटर चालत नाही. दम आहे अशा टँडम जोडीला ती अशक्य नाही. पण चेकपॉइंट बंद होईल या भीतीनं गोळीनंतरचा विसावा कापला जातो, आणि सायकलवर हा आजार सांभाळायचा तर तो विसावाच लागतो. आधी स्वतः आखलेले १०० किलोमीटर दोन दिवसांत, वाडीला मुक्काम करून, असे करून बघावेत.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विसरता सांगा. पूर्वी सहज सायकल चालवणाऱ्याचा तोल आजाराच्या सुरुवातीलाच, दुचाकीवर बसणंच अशक्य व्हावं इतका गेला, तर तो साधा पार्किन्सन्स नसून त्यासारखा दुसरा आजार असू शकतो. आणि प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला एखाद्या छंदाचं अनावर वेड लागू शकतं. रात्री दोनला उठून कोणी सायकल काढू लागलं तर घरच्यांनी त्याला रागवू नये, डॉक्टरांना कळवावं.

माझा निकाल असा: नवं निदान असेल तर बदललेली हायब्रिड आणि घरात स्थिर सायकल. लांब जायचं असेल आणि माणूस असेल तर टँडम. माणूस नसेल किंवा तोल गेला असेल तर उंच सीटची ट्राइक, शक्यतो मोटरसह. काहीही घेण्याआधी ते वाहन एकदा उसनं मिळवा आणि चालवून बघण्यापेक्षा चढून-उतरून बघा, तेही सकाळच्या ताज्या गोळीवर नाही, दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आलेली असताना, आणि शेजारी धरायला कुणीतरी उभं असताना.