कोयनेच्या गस्ती बोटीला पाचर, ट्रिम टॅब की इंटरसेप्टर?

शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब आहे. तापोळा-बामणोलीच्या पाण्यात गस्तीची बोट पेट्रोल फार पिते म्हणून मोठं इंजिन घ्यायचं चाललं असेल, तर थांबा. आधी बोटीचं बूड बघा.

पाण्याला टेकणारी लांबी २५ फूट धरली, तर ६.७ नॉटला, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या सुमारास, बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढाला लागते. नाक आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात खोल. हा चढ ओलांडला की ती पाण्यावरून सरकू लागते. ओलांडता आला नाही, तर दर किलोमीटरला पेट्रोल नुसतं जळत राहतं. पाचर, ट्रिम टॅब आणि इंटरसेप्टर हे तिन्ही उपाय एकच काम करतात: मागचा भाग उचलतात, नाक खाली आणतात.

पाचर सगळ्यात स्वस्त. मागच्या फळीलगत बुडाखाली फायबरचा उतार चढवायचा, झालं. हलणारं काही नाही, त्यामुळे बिघडणारंही नाही. पण कोन कायमचा. सहा माणसं आणि भरल्या टाकीला बेतलेली पाचर दोघंच असताना नाक जास्त दाबते. वरचा वेग घटतो आणि मागून लाट आली की बोट भलतीकडे ओढते. रोज तेवढंच वजन नेत असाल, तरच पाचर घ्या.

गस्तीला वजन रोज बदलतं, म्हणून माझा कौल ट्रिम टॅबला. मागच्या फळीला बिजागरीने लावलेल्या, बटणाने वर-खाली होणाऱ्या या दोन पट्ट्या. डावी-उजवी वेगळी हलते, त्यामुळे माणसं एका बाजूला बसली तरी बोट सरळ ठेवता येते. मात्र मागे बाहेर आलेली पट्टी ट्रेलरवर घेताना वाकते, आणि बॅटरी व वायरिंग नीट ठेवावं लागतं.

इंटरसेप्टर म्हणजे मागच्या फळीवरच्या फटीत बसणारं पातं; ते सरळ काही सेंटिमीटर खाली येतं. झटपट काम करतं, मिटलं की अडथळा नाही. पण फटीत गाळ बसला तर अडकतं. तुमचा मेस्त्री ते उघडून साफ करू शकेल का, हे विचारूनच ठरवा.

सांगलीच्या पूरबोटीला यातलं काहीच लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा बोट गल्लीतून माणसं भरून सावकाश चालते. त्या वेगाला टॅब निरुपयोगी, आणि पाण्यातून मागून चढणाऱ्याच्या पायाला पट्टीची धार लागते.

पैसे घालण्याआधी एक सकाळ द्या. बुडावरचं शेवाळ खरवडा, मागे ठेवलेले २० लिटरचे चार कॅन पुढे सरकवा. तेवढ्याने जवळपास ६० किलो वजन हलतं. मग रोजचीच माणसं घेऊन एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन जीपीएसवर वेग बघा, पेट्रोल मोजा. नाक अजूनही वरच राहिलं, तर टॅबची चौकशी करा.