अंगणातली रेल्वे: मराठवाड्याच्या मातीत आणि उन्हात काय टिकतं?

अंगणात मॉडेल रेल्वे टाकायचं एकदा डोक्यात बसलं की माणूस इंजिनांची चित्रं बघत बसतो. इंजिन सगळ्यात शेवटी घेतलं तरी चालतं. आधी ठरवायचं ते हे की रूळ कशावर टाकायचे, रूळ कशाचे घ्यायचे आणि स्टेशन, पूल, घरं कशाची करायची. या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतल्या बागांबद्दल. त्यांना धास्ती असते हिवाळ्यात जमिनीत गोठणाऱ्या पाण्याची. परभणी, बीड, नांदेडच्या अंगणात तो प्रश्नच नाही. इथे पावसाळ्यात फुगणारी काळी माती आहे आणि मे महिन्याचं ऊन आहे. त्यामुळे पर्याय तेच असले, तरी त्यांचा क्रम आपल्याकडे बदलतो.

माप: मीटरगेज की बार्शी लाइट?

बागेतल्या रेल्वेचं सगळ्यात चालणारं माप म्हणजे 45 मिलिमीटर रुंदीचे रूळ. जर्मनीच्या लेहमान कंपनीने 1968 मध्ये एलजीबी नावाने ही गाडी बाजारात आणली, ती 1:22.5 या प्रमाणात, आणि तिच्यामागे होती युरोपातली मीटरगेज. एक मीटरला साडेबावीसने भागा, 44.4 मिलिमीटर येतात. आपल्याला हे आयतं जुळतं, कारण निजामाच्या काळात गोदावरी खोऱ्यातून गेलेला हैदराबाद-मनमाड मार्ग मीटरगेजच होता आणि अजिंठा एक्सप्रेस त्यावरूनच धावायची. म्हणजे जुनं जालना किंवा परभणी करायचं असेल, तर 45 मिलिमीटर डोळे झाकून घ्या.

लातूर, धाराशिवकडच्या माणसाला मात्र बार्शी लाइट खुणावणारच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केलेली ही 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी 1897 मध्ये सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. तिचं गणित 32 मिलिमीटर रुळांवर 1:24 ला बरोबर बसतं. अडचण एवढीच की 32 मिलिमीटरमध्ये तयार माल कमी आणि तो बहुतेक ब्रिटिश धर्तीचा. डबे, इंजिनाची वरची खोळ वगैरे स्वतः बनवण्याची हौस असेल तरच या वाटेला जावं.

जागेचाही विचार इथेच करून टाका. एलजीबीचं सगळ्यात घट्ट वळण 600 मिलिमीटर त्रिज्येचं, म्हणजे सव्वा मीटरच्या चौकात गाडी फिरते. फिरते, पण मीटरगेजचा प्रवासी डबा खऱ्या प्रमाणात केला तर 85 सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि तो अशा वळणावर निम्मा बाहेर लटकतो. 1.2 मीटरच्या आत त्रिज्या आणू नका, जागा असेल तर दोन मीटर ठेवा. चढ शंभराला दोन. ज्यांचं अंगण म्हणजे कंपाउंडलगतची चार फुटांची पट्टी आहे, त्यांनी लांब डब्यांचा मोह सोडून मालगाडी चालवावी, नाहीतर छोट्या गाडीकडे वळावं.

पाया: जमिनीवर, भिंतीवर की पायांवर

खरा निर्णय हा. पैसा आणि घाम दोन्ही इथेच जातात.

आधी खड्डा घ्या. मे महिन्यात, जिथून रूळ जाणार तिथे, गुडघाभर. दोन फुटांत मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान. काळीच माती लागत राहिली आणि शेजारी हात आत जाईल अशा भेगा दिसल्या, तर पुढचं सगळं त्या भेगांच्या कलाने घ्यावं लागेल. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, आणि हा खेळ वरच्या फूटभरात संपत नाही, बराच खोलवर चालतो.

पहिला पर्याय जमिनीवर खडीचा. वीतभर रुंद आणि तेवढाच खोल चर खणायचा, काळी माती काढून टाकायची, मुरूम थराथराने टाकून पाणी शिंपडत धुम्मसाने ठोकायचा, वर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) कापड आणि त्यावर पाच-सात सेंटिमीटर बारीक खडी. ही खडी क्रशरची हवी, सहा मिलिमीटरच्या आतली, थोडी कच असलेली. कोनेदार कण एकमेकांत अडकून बसतात. नदीचा गोटा दिसायला छान, पण तो घरंगळतो आणि रूळ धरत नाही; खऱ्या रेल्वेतही म्हणूनच फोडलेली खडी असते. रूळ या खडीत नुसते ठेवायचे, कुठेही ठोकायचे नाहीत. जमीन हलली की रूळही हलतात आणि पावसाळा संपल्यावर पातळी लावून, गँगमनसारखी खाली खडी भरून परत सरळ करता येतात. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास हे काम लागणारच. ज्याला वार्षिक डागडुजी म्हणजे छंदाचाच भाग वाटतो, त्याच्यासाठी काळ्या जमिनीवर हा सगळ्यात स्वस्त आणि प्रामाणिक पर्याय.

त्रास दोन. एक म्हणजे लव्हाळा आणि हरळी. लव्हाळ्याचं टोक कापड भोसकून वर येतं, तेव्हा चर खणतानाच गाठी वेचून काढा, नंतर रुळांच्या मधून उपटत बसणं नको. दुसरा, दगडाखाली सावली धरून बसणारे विंचू. घसरलेला डबा उचलायला अंधारात हात घालायची सवय करू नका, बॅटरी जवळ ठेवा. लहान मुलं असतील तर हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा.

दुसरा पर्याय, दगड-विटांची बुटकी भिंत आणि वर काँक्रीटची पट्टी. चित्रात सगळ्यात देखणी हीच दिसते आणि गवंडीही हीच सुचवेल, कारण त्याला ती येते. मुरमाड जमीन असेल तर बिनधास्त करा. एकदा बांधली की वर्षानुवर्षं पातळी हलत नाही. काळ्या मातीत फूटभर पायावर बांधली, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तिला तिरक्या चिरा जातात. मग रूळ खडीसारखे सरळ करता येत नाहीत, भिंतच फोडावी लागते. घराचा पाया आपण पक्क्या थरापर्यंत नेतो. खेळण्याच्या रेल्वेसाठी तेवढं खोदकाम कोण करणार? माझं मत स्पष्ट आहे: काळ्या जमिनीत सलग भिंत नको.

तिसरा पर्याय कमी लोकांना सुचतो आणि मला तोच सगळ्यात आवडतो: पायांवरची रेल्वे. दीड-दोन मीटर अंतरावर खोल भोक पाडून जीआय पाइप काँक्रीटमध्ये रोवायचे, त्यावर अँगलची शिडीसारखी चौकट आणि वर फायबर सिमेंट शीटच्या पट्ट्या. कळीची जागा पाइपच्या डोक्यावर आहे. तिथे प्लेट वेल्ड करून लांब आट्याचा बोल्ट आणि दोन नट लावून घ्या. पाइप बोटभर वर आला किंवा खाली बसला, तर पाना फिरवून चौकट पुन्हा पातळीत येते. फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून दाखवलं की दोन दिवसांचं काम. उंची कमरेपर्यंत घेतली तर वाकावं लागत नाही, विंचवाची भीती जाते, खाली कुंड्या ठेवता येतात. खर्च खडीच्या चरापेक्षा बराच जास्त, आणि बागेतून गाडी जाते असं न वाटता टेबलावरून जाते असं वाटण्याचा धोका आहे. कडेने कोरफड, जेड, पोर्टुलाका अशा कमी पाण्याच्या कुंड्या रुळांच्या उंचीला आणल्या की तो बराच कमी होतो. ज्या भागाला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हिरवळीचे गालिचे दाखवणारी बाग तशीही शोभत नाही.

अंगणच नसेल तर गच्ची. तिथे खडी सगळीकडे पसरू नका: पाच सेंटिमीटर जाडीलाच चौरस मीटरमागे 75-80 किलो भरतात, वर पाणी साचलं की आणखी. वॉटरप्रूफिंगला भोक पाडायचं नाही, ठोकळ्यांवर शहाबादी फरशीच्या पट्ट्या ठेवून त्यावर रूळ टाकायचे.

रूळ: पितळ, अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस

तयार रूळ बहुतेक पितळी मिळतात, 8.4 मिलिमीटर उंचीचे, उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्लीपरवर बसवलेले. मजबूत, चुकून पाय पडला तरी वाकत नाहीत, वीज उत्तम वाहतात. माल परदेशातून येतो, त्यामुळे किमतीत वाहतूक आणि कस्टम ड्यूटी धरा. आणि पितळ म्हणजे भंगारवाल्याच्या दारात रोख रक्कम. रस्त्यालगतच्या उघड्या अंगणात ते रात्रभर पडून असणं मला पटत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे रूळ बरेच स्वस्त, हाताने सहज वाकतात, पण कोणी पाय दिला तरी वाकतात, आणि त्यांच्यावरचा ऑक्साइड वीज अडवतो. स्टेनलेस सगळ्यात चिवट, पण वाकवायला यंत्र लागतं.

उन्हाचं गणित मात्र तिघांनाही चुकत नाही. जानेवारीच्या पहाटे रूळ दहा अंशांवर असतो, मेच्या दुपारी साठच्या घरात जातो. एवढ्या फरकात दहा मीटर पितळ साडेनऊ मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम साडेअकरा, स्टेनलेस साडेआठ. दीड मीटरचे तुकडे असतील तर प्रत्येक सांध्याला दीड मिलिमीटर धरा. थंडीच्या सकाळी रूळ टाकत असाल तर फिशप्लेटमध्ये (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीत) तेवढी फट सोडा, एप्रिलच्या दुपारी टाकत असाल तर टोकं जवळपास भिडवली तरी चालतात. सिमेंटमध्ये गाडलेले किंवा प्रत्येक स्लीपरला स्क्रू मारलेले रूळ उन्हाळ्यात साप निघाल्यासारखे वळतात. स्क्रू अधूनमधून, तोही सैल भोकात.

कोणता घ्यायचा, हे गाडी कशावर चालवणार यावर ठरतं. रुळांतून वीज द्यायची तर पितळ, आणि मग धूळ पुसण्याचं काम रोजचं, कारण आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत हवेत मातीच असते. गाडीत बॅटरी आणि हातात रिमोट असा बेत असेल तर रूळ मळके असले तरी बिघडत नाही आणि अ‍ॅल्युमिनियम पुरतं. नवीन माणसाने बॅटरीच घ्यावी. लाइव्ह स्टीमचं, म्हणजे खऱ्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचं, वेड असेल तर बोअरचं जड पाणी बॉयलरला दाखवूसुद्धा नका, डिस्टिल्ड किंवा गाळलेलं पावसाचं वापरा.

इमारती: विकत, छापील की गवंडीकाम

विकत मिळणारे युरोपियन प्लॅस्टिक किट टिकाऊ असतात, यात वाद नाही. पण बर्फ घसरावा म्हणून केलेली ती उतरती छपरं आणि लाकडी पट्ट्यांच्या भिंती सेलू किंवा पूर्णा म्हणून खपवणार कशा? एखादी पाण्याची टाकी, सिग्नल घेतला तर ठीक.

थ्रीडी प्रिंटचं आकर्षण आता सगळ्यांना आहे आणि बारीक कामाला त्याला तोड नाही: दिव्याचे खांब, कठडे, खिडक्यांची जाळी, बाकडी. फक्त पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि गडद रंगाचा तुकडा मे महिन्यात उन्हात ठेवला की तेवढं तापतोच. सिग्नलचा खांब संध्याकाळी मान टाकून उभा दिसतो. छापून घेणार असाल तर एएसए हे प्लॅस्टिक मागा. ते उष्णता आणि अतिनील किरणं दोन्ही सोसतं. छापणारा नाही म्हणाला तर दुसरा बघा.

भिंतींसाठी माझी पसंती एसीपी शीटला, म्हणजे दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेल्या पाटीला. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे कातरण पडलेलं असतं, ते कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि मागून खाच पाडली की काटकोनात दुमडतं. एमडीएफ आणि साधं प्लायवूड एका पावसाळ्याचे सोबती. सागवान चालतं, पण जमिनीला टेकवू नका. पत्र्याचं छप्पर हवं असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कापून, दोन आटे पाडलेल्या सळयांमध्ये दाबून पन्हाळी काढता येतात. 1:22.5 ला दरवाजा नऊ सेंटिमीटर उंच येतो आणि माणूस साडेसात. हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवले की बाकी मापं चुकत नाहीत. फलाट मात्र खऱ्या लांबीचा करायच्या फंदात पडू नका, शंभर मीटरच्या फलाटाला साडेचार मीटर जागा जाते. डब्याच्या तिप्पट पुरे. वर शहाबादी फरशीची पट्टी घाला.

पुलाला मात्र सिमेंटच. कमानीचं सेंट्रिंग म्हणून 160 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन अर्धे करा, त्यावर वर्तमानपत्र, मग कोंबडीजाळी आणि एकास तीन मसाला. मसाला ओला असताना हात लावायचा नाही. चार-पाच तासांनी, नख रुतेल पण चिकटणार नाही अशा वेळी, खिळ्याने दगडांचे सांधे कोरा. प्रत्येक दगड थोडा वेगळा, कमानीचा मधला दगड थोडा मोठा. सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारा. काळा आणि तपकिरी ऑक्साइड पाण्यात कालवून पुसला की बेसॉल्टची छटा येते. गवंडी बोलावला तर सांधे तोच कोरेल, पण सगळे एकसारखे कोरेल, म्हणून हे काम स्वतः करा.

गावाकडचं माळवद हवं असेल तर खऱ्या मातीचा नाद सोडा, पांढऱ्या सिमेंटमध्ये पिवळी-तपकिरी पूड मिसळून गिलावा द्या आणि धाब्याला बोटभर उतार देऊन पन्हळी खरोखर पाणी टाकतील अशा बसवा. सपाट धाब्यावर साचलेलं पाणी सगळ्यात आधी सांध्यात शिरतं.

हलक्या इमारती पायाला कायमच्या चिकटवू नका. तळाला फरशीचा तुकडा जोडून नुसत्या ठेवा. वळवाच्या वाऱ्यात एसीपीचं स्टेशन शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं, आणि आभाळ भरून आलं की तेवढं उचलून पडवीत नेणं पाच मिनिटांचं काम असतं.